परदेशी करवंदीचं बी

अण्णा, तुमची ती परदेशी करवंदी काल गेली. जेसीबीनं एका धक्क्यात मुळासकट उपटली, रस्त्यावर टाकली आणि वरून मुरूम ओढला. हर्सूलचा आपला रस्ता रुंद होतोय, कंपाउंडची भिंत आत सरकणार आहे. मुलगा म्हणाला, "आई, काट्याचं झुडूप ते, कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" राग आला होता मला, पण त्याच्यावर नाही. तुमच्यावर.

ते रोप घरी आलं तो दिवस मला लख्ख आठवतो. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, सरकारी बागेचे साहेब बदलले, पाट्या बदलल्या, तुम्ही मात्र त्याच खुरप्यानं तिथंच राबत राहिलात. कुणी ऑस्ट्रेलियाचा पाहुणा बाग बघायला आला आणि डब्यातलं एक काटेरी रोप देऊन गेला. फळ खातात म्हणे याचं. साहेबांनी ते फेकून द्यायला सांगितलं, तुम्ही सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणलंत. आई चुलीपुढं बसलीय, हातात भाकरी, आणि म्हणतेय, "काटेच आणायचे होते तर माळावर कमी हायेत व्हय?" तुम्ही कुंपणाशी खड्डा खणायला लागलात. पुढं त्याला फळं धरली. करवंदासारखीच, पण बारीक, काळी आणि भलती गोड. तेव्हा पहिली मूठ आईनंच खाल्ली. त्या दिवशी तुमचा तोरा काय वर्णावा!

पण एक झुडूप ते एकच राहिलं. बी वाळल्याशिवाय मातीत घालायचं नाही, हा तुमचा कायदा. लहानपणी मी पिकल्या वांग्याचं ओलंच बी वाफ्यात टाकलं, तर मनगट धरून तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत, "ओलं बी कुजतंय! वाळव, राख चोळ, मडक्यात ठेव. मृगाला पेर. किती डाव सांगायचं?" त्याच कायद्यानं तुम्ही दर उन्हाळ्यात या करवंदीचंही बी वाळवायचात आणि मृगाला पेरायचात. एकही उगवायचं नाही. मग कधी माती वाईट, कधी पाऊस उशिरा, आणि एका वर्षी तर मी पाणी जास्त घातलं म्हणून सगळं खापर माझ्यावर. शेवटी म्हणालात, "लई नाजूक जात हाय. हिचा वंश हितं वाढायचा नाय." आणि विषय संपला. तुम्ही संपवला की विषय संपायचाच.

तुमच्या माघारी घर माझ्याकडं आलं आणि बी वाळवायचं कामही. मी तरी वेगळं काय केलं? तीच राख, तेच मडकं. भिंतीवर रस्त्याची लाल खूण पडली, तेव्हा तर मी वेड्यासारखी पेरत सुटले. कुंड्या, डबे, दुधाच्या पिशव्या, जे सापडेल त्यात. फांद्या लावल्या, त्या चीक गाळून वाळून गेल्या. रोज सकाळी उठून माती उकरायची आणि बी तसंच, कोंबाचा पत्ता नाही. एवढं मन लावून केलेलं काम असं तोंडावर पडतं, तेव्हा रडू येत नाही अण्णा, दात-ओठ खावेसे वाटतात.

आणि मग शेजारच्या आपांनी परसातून हाक मारली, "बाजी, देखो तो, पत्थर के पास क्या उग्या!" त्यांच्या कपडे धुवायच्या दगडाशी जमीन कायम ओली असते. तिथं दोन रोपं होती, काटेरी, जोडीनं पानं फुटलेली. उन्हाळ्यात आपा दगडावर बसून तुमच्या झुडपाची फळं खात होत्या आणि बिया तिथंच थुंकत होत्या. वाळवणं नाही, राख नाही, मृग नाही. या बीला वाळवलं की ते मरतं, अण्णा. तुम्ही ते वर्षानुवर्षं मारत होतात आणि तुमच्या माघारी मी. एकदा, एकदाच हट्ट सोडून ओलं बी टाकून पाहायला काय झालं होतं? कुंपणभर जाळी झाली असती. तुमच्या डोळ्यांदेखत झाली असती. तुमच्यासमोर हे बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून आज तुमच्या फोटोपुढं बोलतेय.

रोपं मी मागच्या दारी लावलीत. तिथं रस्ता यायचा नाही. लावताना आपा सहज म्हणाल्या, "मैं तो दोनों खाई थी ना. खुलताबाद से भाई करवंदां लाया था, उसके बीज भी इधरच थूकी." मी पानं उलटसुलट करून पाहिली. आपल्या साध्या करवंदीची आणि तुमच्या झाडाची पानं एवढ्या लहानपणी सारखीच दिसतात. फळ धरायला काही वर्षं जातील, तोवर कुणालाच कळायचं नाही.

मुलाला, सुनेला, नवी भिंत बांधायला आलेल्या गवंड्यालासुद्धा मी सांगून टाकलंय, ही आमच्या अण्णांची ऑस्ट्रेलियातली करवंदी, जपून चाला. खरं काय ते मला माहीत नाही. हे फक्त तुम्हाला सांगतेय.