तलवारींची राणी आणि माझा शांत महिना

१ मार्च, रविवार. सकाळ.
आजपासून राग बंद. कायमचा.
कालची हातोडी बायकोसाठी नव्हतीच, भिंतीसाठी होती. बायको भिंतीजवळ उभी होती, हा तिचा निर्णय. भोक पडलंय ते तिच्या कानापासून चांगलं वीतभर लांब आहे. वीत म्हणजे भरपूर.
तिने अट घातली आहे. महिनाभर हात उचलायचा नाही, कोणावरही नाही. उचलला तर कात्री घेऊन कायमची भावाकडे जाईन म्हणाली. आमचं सोफे मढवायचं वर्कशॉप. चौदा वर्षं ती कापड कापते, मी ठोकतो. ती गेली तर नुसतं ठोकणं उरेल.
हात उचलायचा नाही. डाव्या हाताचा मळ आहे.

१ मार्च, संध्याकाळ.
मनःशांतीसाठी जुन्या पुस्तकवाल्याकडून टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या पत्त्यांचा, डेक आणला. सोबत अर्थ सांगणारी पुस्तिका. रोज सकाळी एक पत्ता, रोज एक थोर विचार.
पत्ते बघताना स्टूल मध्ये आलं. त्याला लाथ घातली. ते टेबलावर आदळलं, आणि फोम चिकटवायच्या सोल्युशनचा डबा पत्त्यांवर उपडा. फडक्याने पुसून गठ्ठा वजनाखाली ठेवला. काही झालं नाही.
लाथ पायाने मारतात. हाताचा संबंध नाही.

२ मार्च.
पुस्तिकेत अठ्ठ्याहत्तर पत्ते. माझ्याकडे सत्याहत्तर. 'मूर्ख' नावाचा पत्ता गायब! पुस्तकवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, स्वतः मोजून दिले होते. मी फक्त त्याची कॉलर धरली. कॉलर धरताना हात आडवा जातो, वर जात नाही. त्याने जगाचा नकाशासंग्रह माझ्या डोक्यात घातला. पुठ्ठा बांधणीचा होता.
टेंगूळ आलंय. जाऊ दे. मूर्खाचं आपल्याला काय काम?

३ मार्च. सकाळी ८.
पहिला पत्ता: तलवारींची राणी. सिंहासनावर बसलेली, एका हातात सरळ उभी तलवार, दुसरा हात मोकळा, पुढे केलेला. पुस्तिका म्हणते: दुःख सोसलेली, स्पष्ट बोलणारी, खरं-खोटं कापून वेगळं करणारी स्त्री. आणखी बरंच लिहिलंय त्या मोकळ्या हाताबद्दल. ते वाचलं नाही. तलवार महत्त्वाची.
थोडक्यात, कोणीतरी बाई माझ्या वाईटावर आहे. सावध राहायचं.

४ मार्च.
पुन्हा राणी.

५ मार्च.
पुन्हा! पत्ते कापायला घेतले की गठ्ठा आपोआप तिच्यापाशीच दुभंगतो. बोटांना ओढ लागते. हे माझ्यातलं काहीतरी असणार. शक्ती म्हणा.
बायकोला सांगितलं. तिने कापडावरची नजर न उचलता विचारलं, पत्ते पुसले का नीट. बायकांना अध्यात्म कळत नाही.

९ मार्च.
राणी सापडली. दातांची डॉक्टरीण. तिच्या दवाखान्यासाठी केलेला सोफा परत घेऊन आली. बसल्यावर टोचतो म्हणे. तोंडावर म्हणाली, सगळ्यांदेखत! स्पष्ट बोलणारी स्त्री, दुसरं कोण?
आतला माल अस्सल आहे हे दाखवायला मी सोफा सुरीने उघडला. जरा जास्त उघडला गेला. मग एक स्प्रिंग खिडकीतून बाहेर गेली, काचेसकट. डॉक्टरीणबाईंनी सोफ्याची मागची फळी माझ्या नडगीवर सोडली. हातातून निसटली म्हणाल्या. ज्या हातातून दाढा निसटत नाहीत त्यातून फळी बरी निसटते.
हात उचलला नाही. सुरी उचलली होती, पण ती सोफ्यावर.
बायको काचा गोळा करत होती. म्हणजे तिला पटलं असावं.

१४ मार्च.
डॉक्टरीण नव्हे. राणी म्हणजे सासूबाई! दुःख सोसलेल्या आहेत, आणि ते सोसल्याचं दर भेटीत सांगतात. आज आल्या तेव्हा त्यांना दारातच विनम्रपणे सांगितलं की तुमचे बेत मला पत्त्यांतून कळले आहेत. आणि दार लावलं. त्यांचा पाय मध्ये होता.
बायकोने त्यांना आत घेऊन चहा दिला, तो कप त्यांनी माझ्यावर फेकला. गरम. नेम अचूक. ते घराणंच तसं.
अर्धा महिना झाला. हात उचलण्याची संख्या: शून्य.

२० मार्च.
बायकोने विचारलं, ती राणी मी असेन असं कधी वाटलं नाही का. मला हसू फुटलं. ही गरीब गाय! चौदा वर्षांत आवाज चढवला नाही.
मग ती पाऊण तास बोलली. आवाज न चढवता. काय बोलली ते नीट आठवत नाही, मी पत्ते पिसत होतो. एवढं आठवतं की रोज सकाळी त्या भोकाकडे बघते म्हणाली. त्यावर मी ताबडतोब उपाय केला. कॅलेंडर लावलं. खिळा ठोकताना ती दचकली. उगाच.

२६ मार्च.
मेहुणा आला. कापड कापायचं टेबल दारातून बाहेर निघेल का ते टेप लावून मोजत होता! विचारलं तर म्हणाला, ताईला विचारा.
मी शांत होतो. तो सोफ्यावर टेकला, तेव्हा फक्त स्टेपल गनने त्याची बाही सोफ्याच्या हाताला ठोकली. सहा पिना. तो उठला तो सोफ्याच्या हातासकट, आणि तोच हात माझ्या तोंडावर आला. पुढचा दात अर्धा तुटला.
दात कोणाकडे काढायचा? गावात दातांची डॉक्टरीण एकच. तिने भूल चढायची वाट पाहिली नाही. जरा टोचेल म्हणाली.

२९ मार्च, रविवार. दुपार.
बायकोने कात्री गुंडाळून पिशवीत ठेवली. मी हिशेब मांडला. लाथ: पाय. कॉलर: आडवा हात. सासूबाई: दार. मेहुणा: पिना. हात एकदाही नाही! ती म्हणाली, बरोबर आहे, एकदाही नाही. आणि चपला घातल्या.
मी पत्ते भिरकावले. त्यानंतर हातोडी हातात कधी आली, खरंच माहीत नाही. ती कॅलेंडरपाशी उभी होती. हलली नाही. पिशवीतून कात्री काढून तिने एका हातात सरळ धरली आणि दुसरा मोकळा हात पुढे केला. म्हणाली, दे.
अशी बाई आधी कुठेतरी पाहिली होती. कुठे ते आठवेना. हातोडी देऊन टाकली.
मग तिने खाली पडलेली राणी उचलली. बोटांत चोळली. जाड लागतेय म्हणाली. कात्रीचं टोक कडेला घालून हळूच फिरवलं, आणि एका पत्त्याचे दोन झाले. राणीच्या पाठीला, सोल्युशनने घट्ट चिकटलेला, मूर्ख. रंगीत कपड्यांत, कड्याच्या टोकावर, वर बघत चाललेला.
तो तिने माझ्यासमोर ठेवला. राणी पिशवीत टाकली. महिनाभर हात पुढेच केला होता म्हणाली.

३१ मार्च.
पुस्तिकेतला मोकळ्या हाताबद्दलचा भाग वाचला. राणी आधी तो हात पुढे करते. तलवार नंतर.
महिना पूर्ण. हात एकदाही उचलला नाही. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं.
पत्ते मोजले. सत्याहत्तर. या वेळी कोण गेलं ते शोधावं लागलं नाही.