फुगलेली जमीन

प्रिय मिस्त्री,

नर्सबाईंना सांगितलंय, हे पत्र तुला मोठ्याने वाचून दाखवा, आणि तू भिंतीकडे तोंड फिरवलंस तरी थांबू नका. म्हणजे तुझी सुटका नाही.

आपल्या खोलीत लॅमिनेटच्या फळ्यांची जमीन बसवली. हो, मीच! जन्मभर लोकांच्या घरी गुळगुळीत जमिनी बसवल्यास आणि आपल्याकडे तोच फाटका गालिचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. डॉक्टर म्हणाले, चाकाची खुर्ची गालिच्यात अडकेल, सपाट जमीन हवी. म्हणून गालिचा उपटला आणि तुझी पेटी उघडली.

काटकोनी गुण्या, जिगसॉची करवत, रबरी हातोडा एवढं मला ओळखू आलं. दोन टोकांना उलटसुलट वाकवलेली ती लोखंडी पट्टी कशाची, देव जाणे; कपाटाखालची चप्पल ओढायला मात्र झकास आहे. लेकीच्या जुन्या मोज्यात बांधलेले प्लॅस्टिकचे तुकडे कचरा समजून टाकून दिले. पहिली ओळ भिंतीला अगदी घट्ट भिडवून लावली, कारण फटीत केर साचतो आणि झाडताना माझा जीव जातो. पेटीतला लाकडी ठोकळा कुठे वापरायचा ते कळेना, म्हणून हातोडा सरळ फळीच्या कडेवर घातला. थोड्या कडा फुटल्या. नाकी नऊ आले, पण खोली भरली. लेक तर अनवाणी नाचली त्यावर.

मग हवा दमट झाली आणि जमीन फुगली. मधोमध उंचवटा आलाय, दार अर्ध्यावर अडतं. खुर्ची राहू दे, मांजरसुद्धा वळसा घालून जातं. मी त्या उंचवट्यावर बसून रडले, तोंडात पदर कोंबून, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

शिडीवरून पडल्यापासून तू तोंडातून ब्र काढला नाहीस. घशाला, जिभेला काही झालेलं नाही म्हणतात. ताट सरकवतोस, व्यायामाच्या बाई आल्या की डोळे मिटतोस. असाच राहिलास तर सोमवारी तुला घरी नाही, त्या लांबच्या शुश्रूषागृहात पाठवणार आहेत. मी हातापाया पडले. डॉक्टर म्हणाले, त्यांचीच इच्छा नसेल तर आम्ही काय करणार? मला फार भीती वाटते रे. तू मनाने आधीच निघून गेलायस की काय, असं वाटतं.

आता खरं सांगते. तुझा कामावरचा जोडीदार काल अवजारं घेऊन दारात आला होता. वहिनी, एका दिवसात नीट करतो म्हणाला. काय चुकलं ते सांगायलाही लागला, तर मी कानांवर हात ठेवले आणि त्याला परत पाठवलं. वेडी म्हणाला असेल. पण त्याने जमीन नीट केली असती, तर तुला बोलायला काय उरलं असतं? हे ऐकताना तुझी जीभ शिवशिवली असेल, मला माहीत आहे. मग शिव्या दे, ओरड, नर्सबाईंसमोर माझी लाज काढ. पण सोमवारच्या आत तुझ्या तोंडाने सांग, माझं काय चुकलं.

तुझीच,
बिनकामाची मदतनीस