उताणा झोपलेला व्याही

थोरले मेहुणे ओमुरझाकदादा यांना झापारचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमची मुलंबाळं, घोडे, मेंढ्या, गुडघे, सगळं ठीक ना? वहिनींचा खोकला गेला का? इकडे मेंढरं ठीक, कुत्रा ठीक, मी मात्र ठीक नाही. तुमची बहीण काल्बूबू मला सोडून तुमच्याकडे आली, त्याला महिना होत आला. तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल कोण जाणे. बहुतेक काहीच सांगितलं नसेल, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. म्हणून मीच सांगतो.

आम्ही लेकीच्या सासरी गेलो होतो, वर कुरणावर. व्याह्यांनी मेंढी कापली, मुंडकं माझ्यापुढे ठेवलं, आणि मटणाचा बेशबर्माक असा आग्रहानं वाढला की पोटात श्वासालाही जागा राहिली नाही. (पुढे तेच झालं म्हणा.) वर घोडीच्या दुधाच्या कुमीसचे वाडगे. मग भर दुपारी तंबूत दारासमोरच्या मानाच्या जागेवर गाद्यांवर गाद्या घालून मला आडवं केलं. आता मानाच्या जागेवर माणूस कुशीवर कसा झोपेल, तुम्हीच सांगा. कूस बदलली की यजमानाकडे पाठ! मी आपला राजासारखा उताणा पसरलो. घरी असा झोपलो की बरगडीत कोपर बसतं. पण काल्बूबू बाहेर विहीणबाईंबरोबर पीठ मळत होती, तिचं कोपर पोचणार कुठून?

पुढचं सगळं ऐकीव. आधी मी इतका घोरलो म्हणे की बाहेर बांधलेली घोडी दोराला हिसडे द्यायला लागली. मग एकदम गप्प. विहीणबाई डोकावल्या तर माझा जबडा उघडा, तोंड निळं, छाती हलेना. त्यांनी किंकाळी फोडली आणि रीतीप्रमाणे तिथल्या तिथे माझ्या नावानं शोकगीत धरलं. दादा, मी ससाण्यासारखा स्वार होतो म्हणे! माझ्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही म्हणे! जन्मात कुणी माझ्याबद्दल इतकं बरं बोललं नव्हतं, आणि नेमका तेव्हा मी झोपलेलो. मयताच्या जेवणाला घोडी कापायची म्हणून व्याही सुरीला धार लावायला बसले. तेवढ्यात काल्बूबू पिठाच्या हातांनी आत आली. रडली नाही की ओरडली नाही. "सरका जरा," म्हणाली, माझ्या बरगडीत कोपर हाणलं आणि मला पोत्यासारखं कुशीवर लोटलं. मी घर्रकन श्वास घेतला आणि उठून बसलो.

पण खबर खालच्या तंबूपर्यंत गेली होती. तिथला तुरदूबेक घोड्यावरून निघाला, आणि तुम्हाला ठाऊकच आहे, मयताच्या घरी लांबूनच गळा काढून यायचं, कुणी मिठी मारेपर्यंत थांबायचं नाही. तो "माझ्या भावा रे, कुठं गेलास रे" करत आला. त्याचा लगाम धरायला कोण पुढे झालं? मीच. मला बघूनही बाबा थांबेना! शेवटी मी त्याला मिठी मारली आणि माझ्याच मरणाबद्दल त्याचं सांत्वन केलं.

सगळं कुरण हसलं. जावईसुद्धा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि असा राग काढायला बायको असतेच. चारचौघांत मी म्हणालो, "तीस वर्षं मला झोपू देत नाहीस, निदान व्याह्यांच्या घरी तरी सोड!" काल्बूबूनं हातावरचं पीठ खरवडून काढलं. "सोडलं," म्हणाली. आणि खाली उतरून तिनं तुमच्याकडची मिनीबस धरली.

मग जावयानं मला नारीन शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रात्रभर अंगाला तारा चिकटवून झोपवलं आणि सकाळी विचारलं, "आजोबा, इतकी वर्षं जगलात कसे?" उताणा झोपलो की माझी जीभ मागे घसरते, घशाची वाट बुजते आणि श्वास अडतो. कुशीवर असलो की पुष्कळ मोकळा चालतो. "घरी कुणी वळवायचं का?" मी म्हटलं, बायको ढोसायची. "ढोसायची काय, श्वास चालू करायची तुमचा! मग त्या झोपायच्या कधी?" दादा, सकाळी चुलीपाशी ती पेंगायची, तेव्हा मी तिला आळशी म्हणायचो. आठवलं की जीव नकोसा होतो.

बाईंनी नाकात हवा फुंकणारं यंत्र दिलं. त्याचा मुखवटा चढवला तर आमच्याच कुत्र्यानं मला ओळखलं नाही, भुंकून गाव गोळा केलं. शिवाय वीज गेली की यंत्र गप्प, आणि मीही. म्हणून त्या म्हणाल्या, यंत्र लावाच, पण सदऱ्याच्या पाठीला टेनिसचा चेंडूही शिवा. उताणे झालात की टोचेल आणि वळाल. आमच्या गावात टेनिस कोण खेळतंय? मी काल्बूबूच्या पोत्यातले कुरुत काढले. तिनं दही वाळवून केलेले गोळे म्हणजे दगडच, चेंडू काय टोचेल तसे! छान टोचले. पण सकाळी तोच सदरा घालून गोठ्यात गेलो आणि वासराला मिठाचा वास लागला. त्यानं पाठ चाटली, सदरा फाडला, कुरुत खाल्ले आणि मला शेणात पाडलं. तेही उताणं. आता मेंढीच्या टाचेची हाडं शिवली आहेत, ती कुणी खात नाही.

बाकी क्षेम. थोरांना सलाम, लहानांच्या कपाळाचा पापा.

तुमचा मेहुणा, अजून जिवंत असलेला,
झापार

ता. क. काल्बूबूला परत पाठवा म्हणून हे पत्र नाही हं, गैरसमज नको. माझं उत्तम चाललंय. भाकरी करपते, पण मला करपलेलीच आवडते.

ता. क. मिनीबसवाल्याकडे तिच्या आवडीचे वाळवलेले जर्दाळू दिले आहेत. कुणी दिले ते सांगायची गरज नाही. (विचारलं तर सांगा.)

ता. क. एक काम होतं. काल्बूबू वहिनींच्या शेजारीच झोपते ना? वहिनींना हळूच विचारा, ती झोपेत कोपर हाणते का? हाणत नसेल तर हे पत्र तिला दाखवू नका. झोपू द्या तिला, तीस वर्षांची झोप राहिली आहे तिची. पण वहिनींच्या बरगड्या दुखत असतील, तर लगेच कळवा. ते कोपर माझं आहे. मी दोन घोडे घेऊन येतो.