शेळीच्या तिकिटाबद्दल माफी न मागण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वाहनवाहू फेरीबोट विभाग,
धक्का कार्यालय, पहिला मजला.

विषय : आईने शेळीच्या तिकिटावर प्रवास केल्याबद्दल माफीनामा देण्यास नकार, व तिला गाडीतच बसून पलीकडे जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : माझ्या गाडीला बोटीवर बंदी घालणारी आपली नोटीस.

महोदय,

१. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. बोटीवर गाडी चढली की इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि सर्वांनी उतरून वरच्या मजल्यावर जावे, हे आपले नियम मी शिकणाऱ्यांकडून घोकून घेते. शेवटचा सोडून सगळे स्वतः पाळते. सबब मला नियम समजावून सांगण्याची तसदी आपण घेऊ नये.

२. माझ्या आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. डायलिसिसचे यंत्र पलीकडच्या इस्पितळात आहे, अलीकडे नाही. बोटीवरचा लोखंडी जिना इतका उभा आहे की धडधाकट माणूसही कठडा सोडत नाही. एकदा खलाशांनी आईला खुर्चीसकट उचलले. मध्येच खुर्चीचा पाय कठड्यात अडकला आणि आई हवेत लटकत राहिली. पुन्हा मला कोणी उचलायचे नाही, असे तिने तेव्हाच बजावले. माझेही तेच म्हणणे आहे.

३. आपल्याच नियमावलीत तळाशी बारीक अक्षरांत छापले आहे की, जिवंत जनावर असलेल्या वाहनात राखणदाराला बसता येईल. खुर्ची अडकली त्या दिवशी शेजारच्या टेम्पोत एक व्यापारी आपल्या शेळ्यांशेजारी पाय पसरून घोरत होता. ते पाहून पुढच्या खेपेपासून मी खिडकीवर एका शेळीचे तिकीट मागू लागले. शेळी दाखवा, असे तिकीटबाबूंना कुठेही सांगितलेले नाही, तेव्हा त्यांना यात ओढू नये. बऱ्याच फेऱ्या सुखरूप झाल्या. मग तपासनीस आले आणि त्यांनी शेळी कुठे आहे, असे विचारले. आई काच खाली करून म्हणाली, "मीच. काय काम आहे?" नोटिशीत या उत्तराला उद्धटपणा म्हटले आहे. त्यांनी विचारले, तिने सांगितले. यात उद्धट काय ते कळवावे.

४. बंदीनंतर आम्ही रस्त्याने वळसा घालून गेलो. पोहोचेपर्यंत आईची डायलिसिसची पाळी दुसऱ्या रुग्णाला दिली गेली होती. तिचे पाय सुजले, आडवे होताच दम लागू लागला. मी फार घाबरले, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. प्रवाशांच्या जिवासाठीच नियम आहे, असे आपण लिहिता. बोटीला काही झाले तर शेळीच्या राखणदाराला कसे बाहेर काढायचे, हे आपण ठरवलेच असेल. तसेच आम्हालाही काढावे.

५. मागणी साधी आहे. माझी गाडी सर्वांत शेवटी, उतरायच्या फळीजवळ लावावी. दारे उघडतील एवढी जागा ठेवावी. आम्हा दोघींना तरंगणारी जाकिटे द्यावीत. मी तिच्याजवळच बसेन. हे जमत नसेल तर आईची शेळी म्हणून रीतसर नोंद करून तसे लेखी द्यावे. तिची हरकत नाही. मात्र पथ्य असल्यामुळे चारा चालणार नाही आणि पाणीही मोजूनच द्यावे लागेल.

६. आईची पुढची पाळी उद्या सकाळी आहे. आम्ही पहिल्या बोटीला धक्क्यावर येऊ. बोटीवर घेतले नाही, तर गाडी तिथेच फळीसमोर उभी राहील. हँडब्रेक नियमाप्रमाणे ओढलेला असेल.

आपली
('नम्र' हा शब्द मुद्दाम गाळला आहे),
अर्जदार मुलगी

दिनांक : माफीनाम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस

सोबत :
१. माफीनाम्याचा कागद, सही न करता परत.
२. डॉक्टरांचा दाखला.
३. शेळीचे तिकीट.
४. आई. आपले कार्यालय पहिल्या मजल्यावर असल्याने जोडता आली नाही. ती खाली गाडीत बसली आहे. जिना उतरून आपणच यावे.