घर कोणाच्या नावावर

प्रिय शेखरदादा,

घर विकताना काय काय बघायचं ते नीट लिहून पाठव, असं तू म्हणाला होतास. फोनवर तू मध्येच "बरं, पुढे" म्हणतोस आणि माझा क्रम चुकतो, म्हणून पत्र.

आधी क्षेत्रफळ. मागच्या रविवारी मी लेसरने पूर्ण घर मोजलं. बाबांनी मागे वाढवलेली खोली मंजूर नकाशात नाही. आई इतकी वर्षं जिथे झोपते ती खोली कागदावर नाहीच. जाहिरातीत ती धरू नकोस. घेणाऱ्याच्या बँकेचा माणूस मोजायला येईल तेव्हा तो ती सोडून देईल. ऑफिसात मी हेच काम करते, मीही सोडली असती. मग त्यांचं कर्ज कमी बसेल आणि शेवटच्या क्षणी घासाघीस सुरू होईल, त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. त्या खोलीची पूर्वेकडची भिंत वरच्या बाजूला दीड सेंटीमीटर कललेली आहे. सहादू मिस्त्रींनी ओळंबा माझ्या हातात दिला होता आणि तू वाळू चाळत होतास, आठवतं का? मी आठ वर्षांची होते, हात हलला असणार.

दुसरं, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली तरी सिडकोत आपण वारसनोंद केलेली नाही. आई, तू आणि मी, तिघांची नावं लागल्याशिवाय कोणाकडूनही टोकन घ्यायचं नाही. मूळ कागद एजंटला द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्यायची, आणि तिच्यावर ती कशासाठी आणि कोणाला दिली ते तारखेसह लिहायचं. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या मी फाइलला लावल्या आहेत.

इथपर्यंत मला सगळं कळतं. पुढचं कळत नाही.

विकून टाका, मी पुण्याला येते, असं आईनं तुला सांगितलं. मलाही तेच सांगितलं, पण भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. त्यानंतर घर बघायला दोन कुटुंबं आली. पहिले देवळाली कॅम्पचे, लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको. आईनं त्यांना चहा दिला आणि मग फिरवून घरातला एकेक दोष दाखवला. मोरीच्या वरची ओल. पाणी पहाटे साडेपाचला येतं, झोप लागली तर गेलं. शेजारचे कुकरच्या शिट्टीवरूनसुद्धा भांडतात. त्या बाईंनी पर्स उघडून पुन्हा बंद केली. आपला एजंट महेश गेटवर मला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी मावशींना तासभर देवळात पाठवा."

दुसरे पेठहून आले. नवरा-बायको दोघं शिक्षक, बदली होऊन नाशकात आलेले. त्यांनाही आईनं तेच सगळं दाखवलं, वर गच्चीवर नेऊन कुठे पाणी तुंबतं तेही सांगितलं. मला वाटलं, हेही गेले. पण त्या बाई खूश झाल्या, म्हणाल्या की एवढं खरं सांगणारं घर त्यांना कुठे मिळालं नव्हतं. त्यांना घर पसंत आहे. त्या दिवशी आई जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली. मी सरळ विचारलं की तुला विकायचं नाहीये का. तिनं सांगितलं, मी कुठं नाही म्हटलं? आता यातून काय समजायचं? दोष दाखवणं हा तिचा प्रामाणिकपणा की नकार, हे मला ठरवता येत नाही.

मग मी माझ्या परीनं एक उत्तर काढलं. तुला सांगितलं नव्हतं. माझ्या पगारावर किती कर्ज बसतं ते काढलं आणि सोमवारी संध्याकाळी आईला म्हटलं की घर मीच घेते. भाव पेठच्या लोकांचाच, म्हणजे दादाचं नुकसान नाही. तुला कुठं जावं लागणार नाही, मलाही भाड्याची खोली शोधावी लागणार नाही. मला वाटलं होतं ती निदान मान हलवेल. ती निवडायला घेतलेली कोथिंबीर बाजूला ठेवून म्हणाली, "मग मी कुठं राहू?"

मला प्रश्नच कळला नाही. इथंच, म्हटलं. तर म्हणाली, "लेकीच्या घरात?"

घोटीची धोंडाबाई आजी आपल्याकडे जेवली की उठताना ताटाखाली दहाची नोट ठेवायची. तू आणि मी त्यासाठी भांडायचो. मला ती खाऊची वाटायची. आईनं सोमवारी सांगितलं की ती जेवणाची होती. लेकीच्या घरी फुकट खायचं नाही म्हणून. दादा, आज मी आणि आई याच घरात एकत्र राहतो, माझ्या पगारातला किराणा ती रांधते, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नाही, कारण घर तिचं आहे. कागदावरचं एक नाव बदललं की त्याच दोन बायका त्याच भिंतींत राहू शकत नाहीत. मी हे दोन-तीन बाजूंनी तपासलं. चूक कुठे आहे ते सापडत नाही, आणि तिच्या दृष्टीनं चूक नाहीच. पण एवढं मी धरून चालते की जायचं ठरवलेल्या माणसानं "मी कुठं राहू" असं विचारलं नसतं. तुला वेगळं वाटत असेल तर सांग.

तेव्हा विकण्याचा सल्ला वर लिहिला आहे, तो बरोबर आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. माझ्या टेबलावर हक्कसोडपत्रं रोज येतात, बहिणींनी भावाला लिहून दिलेली. आपण दोघांनी मिळून एक आईला लिहून द्यावं. तुझाही हिस्सा, माझाही. तू तिच्यासाठीच पुण्यात मोठं घर बघत होतास, हे मला माहीत आहे. त्या घराला जे कमी पडेल ते मी बँकेतून काढून देते, तेवढं मला झेपतं. फक्त हे तू सुचवलंस असं तिला सांग. मुलानं दिलेलं ती घेईल. माझं नाव काढलंस तर ती पुन्हा विचारात पडेल. मला याचं वाईट वाटतं की नाही, ते अजून नक्की कळलेलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. नावं लागलेली नसली तरी पेठची मंडळी शनिवारी टोकन घेऊन येणार आहेत. पटलं तर त्याआधी फोन कर. आईला कर, मला नको.

तुझीच,
संजना