रविंद्र सरांना टॉवेल-टोपी

शिरड शहापूर,
शुक्रवार, फेब्रुवारी २००५

तीर्थरूप दाजींच्या पायावर डोकं ठेवून लखमा लिहितो की, आक्काचा गुडघा दुखायचा राहिला का, लेकरं शाळेत जातात का, अन् सेनगावच्या तुमच्या जीपच्या फेऱ्या बराबर चालू हायेत का, ते कळवा. इकडं आमी बरे आहोत. (कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून आई माझ्याशी म्हशीमार्फत बोलून राहिली, पण बोलते हेच लई.)

तुमी म्हणसाल, पोरगं आता काय करून बसलं. सांगतो. आमच्या जुन्या शाळेत रविंद्र सर समुपदेशक आहेत, म्हणजे पोरांच्या मनातलं ऐकून घ्यायची नोकरी. (हेडमास्तर त्यांना खिचडीचे तांदूळ मोजायला बसवतात, ती गोष्ट वेगळी.) मी शाळेतून कधीचा बाहेर पडलो, तरी दर गुरुवारी त्यांच्यापुढं बसून, जिच्यात माझा जीव अडकलाय त्या सपनाचं सांगतो. ती हसली, ती हसली नाही, तिच्या भावाची गचांडी मी काहून धरली. सर नुसती मान हलवतात. एकदा त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं अन् वाटलं, ह्या माणसाला कुणी विचारतं का, की बाबा, थकला का? तेव्हाच ठरवलं, सरांना काहीतरी लहानसं द्यायचं.

घोळ तिथंच झाला. वारंगा फाट्यावरच्या दुकानात जमीलचाचाला म्हणलं, मोठ्या माणसाचा मान करायचाय. त्यांनी टॉवेल, पांढरी टोपी अन् नारळ बांधून दिला. शाळेला सुट्टी, म्हणून सरांच्या घरी गेलो. त्यांची पोरगी आकांक्षा यंदा लग्नाची आहे, हे माझ्या डोक्यातच नाही. लग्नसराईचे दिवस, इस्त्रीचा शर्ट, हातात सोयरिकीत देतात तसली टॉवेल-टोपी. गल्लीनं मी चप्पल काढायच्या आत सोयरीक जुळवली. शेजारच्या आशाबाई पोहे घेऊन आल्या, आकांक्षा मागच्या दारानं पळाली, अन् तिच्या चुलत्यानं समोर मांडी घालून विचारलं, "शेती किती? बागायत हाय का कोरडवाहू?" माझं डोकं सटकलं. "मला तुमची पोरगी नको, मला सर पाहिजेत!" असं ओरडलो. (पोहे संपल्यावर ओरडायला पाहिजे होतं. आशाबाईंनी बशी उचलून नेली.)

सगळे तोंडं वाकडी करून गेले. सरांनी टोपी डोक्यावर ठेवली, "लखमा, एवढ्या नोकरीत हे पहिलंच रे," म्हणले, अन् बोलायला लागले. आईचं आजारपण, हेडमास्तरांचा जाच, पोरांची दुखणी ऐकून ऐकून उडालेली झोप. दिवेलागण झाली तरी चालूच. तेव्हापासून गुरुवारी ते बोलतात अन् मी मान हलवतो. दाजी, ऐकण्यात लई थकवा येतो हो. त्यापेक्षा दिवसभर पोती उचललेली बरी.

आक्काला नमस्कार, लेकरांना पापा.
तुमचा मेव्हणा,
लखमा

ता.क. खरं काम राहिलंच. सरांना एखाद्या रविवारी जीपमध्ये घालून औंढ्याला फिरवून आणा. आक्काचं ऐकायची सवय तुम्हाला आहेच, सरांचंही ऐका.

ता.क. दुसरा. वरचं राहू द्या. काल एस.टी. स्टँडवर सपना भेटली. पहिल्यांदाच मी गप बसून तिचं ऐकलं, बस येईपर्यंत. तिचं लग्न ठरलंय, अन् पोरगा तिनं स्वतः पसंत केला. तसाच सरांकडं गेलो, पण त्यांनी नुकतंच आईच्या दवाखान्याचं काढलं होतं. मधे कसं तोडावं माणसाला? तर रविवारी तुमी एकटेच या. मला बोलायचंय.