विमान कुठवर आलं

शनिवार, ११ जानेवारी
सागर येणार नाही. फोनवर तेच तेच सांगत होता — ताई, माझे कागद अडकलेत, आता देश सोडला तर परत घेणार नाहीत. मग रडला. धाकटा भाऊ, काय बोलणार!

ऑकलंड ते मुंबई बारा हजार किलोमीटरच्या वर. सिंगापूरला विमान बदलायचं. सगळं धरून एका दिवसाचा प्रवास. डॉक्टर म्हणाले, आईला आता घरीच ठेवा, आठवडा काढला तरी खूप.

आईनं विचारलं, "निंगाला का?"
मी हो म्हणाले.

रविवार, १२
खरा वेळ सांगितला असता तर आज त्याला दारात उभा करावा लागला असता. म्हणून सांगितलं — लांबचं विमान, थांबत थांबत येतं, बरेच दिवस लागतात. तिला पटलं. दिघाशीहून अंबाडी, अंबाडीहून इथं कामतघरला — तिचा सगळा प्रवास एसटीचा. "जेवायला उतरवतात ना?" एवढंच विचारलं.

जन्मभर पेपरात बसून दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. माझी तपासायला कुणी नाही.

सोमवार, १३
आज सिडनी.

मंगळवार, १४
दिघाशीहून कमळीमावशी तिळगूळ घेऊन आली. आईच्या उशाशी बसली, मग मला बाहेर नेलं. "जीव पोरात अडकलाय गो. त्याच्या हातचं पानी गेल्याबिगर न्हाय सुटायची."

आमच्यात शेवटचं पाणी मुलानं घालायचं. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या पुरुषानं, मुलाचं नाव घेऊन. मावशी म्हणते तिच्या कुमारला बसवू, आवाज सागरसारखाच आहे. मी म्हटलं, बघू.

बुधवार, १५
सिंगापूर. आईनं पेज परत केली. "तो आला का त्याच्यासंगं जेवीन."

म्हणजे मीच तिला उपाशी ठेवलंय. आता तो येत नाही म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? आणि न सांगता किती दिवस?

गुरुवार, १६
सागरचा फोन वाजत राहिला. आई ऐकत होती. उचलला नाही — विमानातला माणूस फोन कसा करेल?

आईनं आज कुठवर आला ते विचारलं नाही. मावशीला कळवलं, कुमारला पाठव.

शुक्रवार, १७
शुक्रवार म्हणून आजूबाजूचे कापडाचे लूम बंद. एरवी त्या खडखडाटात न ऐकू येणारं विमान आज घरावरून जाताना ऐकू आलं. मी काही बोलणार, तेवढ्यात आई डोळे न उघडता म्हणाली, "भावना, उतरव आता ते इमान. किती दिस एकटीच चालवतेस."

कुमार आंघोळ करून बाहेर बसला होता. मी त्याला हाक मारायला उठले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तूच घाल पानी. त्याचं नाव नको घेऊ."

घातलं.